ब्रेकचं सगळं काम नवं, तरी पेडल मऊ का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. १९८४ ची प्रीमियर पद्मिनी, चारही चाकांना ड्रम ब्रेक, पायाचा जोर वाढवणारा बूस्टर नाही, मास्टर सिलेंडर (पेडल दाबलं की ब्रेक ऑइल ढकलणारा) एकाच सर्किटचा, म्हणजे चारही चाकांना ऑइलची एकच लाइन. व्हील सिलेंडरना (चाकातले, त्या ऑइलने शू बाहेर ढकलणारे) नवी रबरांची किट टाकली, मास्टर नवा बसवला, ड्रमला आतून टेकणाऱ्या शूंना नवे लायनर, म्हणजे घासणारे पट्टे, मारले, ड्रम लेथवर टर्न करून घेतले, होज बदलले. तीन वेळा हवा काढून झाली. तरी पहिल्या दाबाला पेडल जवळजवळ तळाला जातं. लगेच दुसऱ्यांदा दाबलं की वर येतं, कडक लागतं आणि गाडी नीट थांबते. थोडं थांबून दाबलं की पुन्हा तळाला. गॅरेजचं म्हणणं, लाइनमध्ये अजून हवा आहे, पुन्हा काढू.

पुन्हा काढू नका, निदान एवढ्यात तरी नाही. तुमच्या वर्णनात मला हवेपेक्षा शू आणि ड्रममधलं अंतर जास्त दिसतंय. चारही चाकांना ड्रम असलेल्या गाडीचं काम झाल्यावर पेडल खाली जात असेल तर मी सगळ्यात आधी ॲडजस्टमेंट, म्हणजे हे अंतर किती जुळवलंय ते, बघतो. बहुतेक ठिकाणी ती सगळ्यात शेवटी बघितली जाते, तोवर डबे भरून ब्रेक ऑइल वाया गेलेलं असतं.

पेडल स्वतःच बरंच काही सांगतं, फक्त ते ठरलेल्या पद्धतीने दाबायला हवं. गाडी सपाट जागी उभी करा, चाकांना ठोकळे लावा, इंजिन बंद ठेवा. पहिला दाब सावकाश द्या आणि पेडल कुठे अडतं ते बघा. मग झटपट दोन-तीनदा दाबा आणि शेवटचा दाब धरून ठेवा. वर आलेलं पेडल जोर वाढवूनही जागचं हलत नसेल, तर लाइनमध्ये हवा नाही. शूंना ड्रमपर्यंत पोचायला फार अंतर कापावं लागतंय आणि एका दाबात तेवढं ऑइल जात नाही, एवढाच त्याचा अर्थ. वर आलेलं पेडलही जोर वाढवल्यावर आणखी आत जात असेल आणि पायाला परत ढकलत असेल, तर हवा, फुगणारा होज किंवा वाकणारा शू. आणि धरून ठेवलेलं पेडल हळूहळू खाली सरकत असेल तर ऑइल निसटतंय, एक तर बाहेर गळतंय किंवा मास्टरच्या आतल्या बकेटवरून (पिस्टनच्या रबरी वाटीवरून) मागे ब्रेक ऑइलच्या टाकीत जातंय. हा शेवटचा प्रकार तपासताना पूर्ण ताकद लावू नका. जोराच्या दाबाखाली बकेटची कड बोअरला, म्हणजे सिलेंडरच्या आतल्या भिंतीला, घट्ट चिकटते आणि दोष लपतो. हलक्या, एकसारख्या दाबाने मिनिटभर धरा.

तुमचं पेडल दुसऱ्या दाबाला वर येऊन कडक होतंय, म्हणजे पहिला प्रकार. आता अंतराने एवढा फरक पडतो का, ही शंका रास्त आहे, म्हणून हिशोब करून दाखवतो. तुमच्या गाडीची खरी मापं मोजून घाला, मी उदाहरणादाखल धरतोय. समजा मास्टरचा बोअर १९ मिमी, म्हणजे पिस्टनचं क्षेत्रफळ सुमारे २.८५ चौरस सेमी. व्हील सिलेंडर २२ मिमीचे, क्षेत्रफळ सुमारे ३.८ चौरस सेमी. चार चाकांचे मिळून आठ पिस्टन. प्रत्येक शूला १ मिमी जादा सरकावं लागलं तर आठ पिस्टनना मिळून सुमारे ३ घन सेमी जादा ऑइल लागतं. तेवढं द्यायला मास्टरच्या पिस्टनला १ सेंटिमीटरहून थोडं जास्त सरकावं लागतं. पेडलचा लिव्हर पाचास एक, म्हणजे पेडल पाच सेमी गेलं की पिस्टन एक सेमी, धरला तर पायाखाली हे अंतर पाच सेंटिमीटरच्या वर जातं. फक्त १ मिलिमीटरच्या जादा गॅपपायी! आणि तुमचे ड्रम टर्न झालेत, म्हणजे त्यांचा व्यास वाढलाय. लायनर जुन्याच जाडीचे असतील तर गॅप वाढणारच होता.

दुसऱ्या दाबाला पेडल वर का येतं, तेही याच हिशोबात बसतं. पाय उचलला की मास्टरचा पिस्टन झटकन मागे येतो, पण लाइनमधलं ऑइल तेवढ्या वेगाने परतत नाही. मधल्या क्षणी टाकीतलं ऑइल बकेटच्या कडेवरून पुढे शिरतं आणि लाइनमध्ये भर पडते. लगेच दाबलं की ती भर कामी येते. थांबलात तर शूंच्या स्प्रिंग व्हील सिलेंडर आत ढकलतात, जादा ऑइल मास्टरच्या बारीक छिद्रातून सावकाश टाकीत परत जातं आणि तुम्ही पुन्हा होतात तिथेच येता.

तेव्हा कामाला सुरुवात इथून करा. एकेक चाक उचला, गाडी स्टँडवर घ्या, नुसत्या जॅकवर ठेवून खाली हात घालू नका. हँडब्रेकची केबल मागच्या शूंना जोडलेली असेल तर ती आधी पूर्ण सैल करा. केबल ताणलेली राहिली तर शू आपल्या जागी मागे बसत नाहीत आणि ॲडजस्टमेंट खोटी येते. बॅक प्लेटच्या (शू ज्यावर बसतात त्या पत्र्याच्या) मागचा ॲडजस्टर चाक हाताने फिरेनासं होईपर्यंत आवळा, मग कुणाला तरी पेडल दोन-तीनदा जोरात दाबायला सांगा. यामुळे शू ड्रममध्ये मधोमध बसतात. पुष्कळदा एवढ्यानेच चाक पुन्हा मोकळं झालेलं दिसतं, म्हणजे अजून आवळायला जागा आहे. असं करत जाऊन शेवटी चाक मोकळं फिरेल, फार तर कुठेतरी हलकासा घासल्याचा आवाज येईल, इतपत सैल सोडा. दोन शूंचे ॲडजस्टर स्वतंत्र असतील तर एका वेळी एकच हाताळा. चारही चाकं झाली की हँडब्रेकची केबल सगळ्यात शेवटी जुळवा.

हे करताना एक चाचणी आपोआप होते. सैल सोडण्याआधी, चारही चाकं एकाच वेळी पूर्ण आवळलेली असताना पेडल दाबा. शू ड्रमला टेकलेलेच आहेत, त्यामुळे पेडल उंच आणि कडक लागलं पाहिजे. लागलं, तर हायड्रॉलिक्स ठीक आहे आणि दोष अंतराचाच होता. एवढ्यातही पेडल लवचिक राहिलं तर पुढे वाचा.

लायनरचा गोलावा हा दुसरा मुद्दा, आणि माझ्या मते याच्याकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. ड्रम टर्न केल्यावर त्याची त्रिज्या वाढते, शूवर मारलेला नवा लायनर मात्र मूळ त्रिज्येचा असतो. असा शू ड्रमला फक्त मधल्या पट्ट्यात टेकतो आणि दोन्ही टोकं अधांतरी राहतात. दाब वाढला की ती टोकं ड्रमपर्यंत जाईतो शू वाकतो, आणि पायाला ते अगदी हवेसारखं लागतं. इथे कितीही वेळा हवा काढली तरी फरक पडत नाही. तपासणं सोपं आहे. लायनरच्या पूर्ण रुंदीवर खडूचे आडवे पट्टे ओढा, ड्रम बसवा, ॲडजस्टर आवळून ड्रम थोडा ओढून फिरवा, मग काढून बघा. खडू फक्त मध्येच पुसला गेला असेल तर लायनर त्या ड्रमच्या मापाला ग्राइंड करून घ्या. पुण्यात नाना पेठेत चौकशी केलीत तर हे काम करणारा कारागीर सापडेल. शू आणि ड्रम दोन्ही सोबत न्या, कोणता शू कोणत्या चाकाचा ते खुणा करून ठेवा. थोडासाच फरक असेल तर गाडी चालता चालता लायनर बसतात, पण तोवर ब्रेक कमी लागतो हे धरून चाला. ड्रमवर कमाल व्यासाची मर्यादा कोरलेली असेल तर तीही मोजा. मर्यादेपलीकडे टर्न झालेला ड्रम पातळ असतो, दाबाखाली पसरतो, तो बदलायचाच.

जुने लायनर किंवा ड्रममधली काळी धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नका. जुन्या लायनरमध्ये ॲसबेस्टॉस असायचा आणि ती धूळ फुप्फुसात गेली की बाहेर येत नाही. ओल्या फडक्याने पुसा, फडकं पिशवीत बांधून टाका.

आता मास्टर सिलेंडर. तुमचा मास्टर नवा आहे म्हणून तो बरोबर आहे असं नाही. जुन्या ड्रमवाल्या बऱ्याच गाड्यांच्या मास्टरमध्ये ऑइल बाहेर जाण्याच्या तोंडाशी एक छोटा चेक व्हॉल्व्ह असतो. पाय उचलल्यावरही तो लाइनमध्ये थोडा दाब राखून ठेवतो, एक बारच्याही आत. त्या दाबामुळे व्हील सिलेंडरच्या बकेटच्या कडा बोअरला टेकलेल्या राहतात, पाय उचलताना बाहेरची हवा आत ओढली जात नाही आणि शूही फार मागे सरकत नाहीत. किट बदलताना हा व्हॉल्व्ह उलटा बसवला गेला, विसरला, किंवा बाजारातून डिस्कवाल्या गाडीचा व्हॉल्व्ह नसलेला मास्टर आणला, तर लक्षण तुमच्यासारखंच दिसतं: थांबून दाबलं की पेडल खाली. हे पाहायला पेडल दोनदा दाबून सोडा, काही सेकंद थांबा आणि एका चाकाचं निप्पल (हवा काढायचा स्क्रू) उघडा. व्हॉल्व्ह असेल तर पेडलला पाय न लावताही ऑइलची छोटी पिचकारी येते. नुसतं ओघळलं तर व्हॉल्व्ह नाही किंवा धरत नाही.

मास्टरचा बोअर मूळ मापाचाच आहे ना, हेही बघा. लहान बोअरचा मास्टर लावला तर तेवढ्याच ऑइलसाठी पेडल जास्त खाली जातं आणि पायाला हलकं, मऊ लागतं. मोठा लावला तर पेडल उंच आणि कडक राहतं, पण गाडी थांबवायला जास्त जोर लागतो. पेडल उंच आलं म्हणून दोष मिटला असं तेव्हा समजू नये.

पेडलची पुशरॉड (मास्टरचा पिस्टन ढकलणारी दांडी) लांब करून पेडल वर आणायचा उपाय कुणी सुचवला तर ठाम नाही म्हणा. रॉड आणि पिस्टन यांच्यात सुमारे १ मिमी मोकळीक हवीच. ती गेली तर पिस्टन पूर्ण मागे येत नाही, टाकीत परत जायचं बारीक छिद्र झाकलेलं राहतं, आणि गाडी चालून ऑइल तापलं की फुगलेल्या ऑइलला जायला जागा नसते. ब्रेक आपोआप लागू लागतात, ड्रम तापतात, ऑइल आणखी फुगतं. खंबाटकीसारख्या घाटात हे झालं तर चारही चाकं धरून गाडी जागीच उभी राहते, किंवा त्याच्या आधी ऑइल उकळून पेडल तळाला जातं. दोन्हींपैकी काहीही नको. उलट मोकळीक फार असेल तर पेडलचा पहिला प्रवास फुकट जातो, ती मापात आणा.

एवढं झाल्यावरही पेडल लवचिक असेल तर हवा खरंच आहे असं माना. इंजेक्शनच्या सिरिंजमध्ये राहिलेल्या बुडबुड्यासारखी ती दट्ट्याचा जोर स्वतःच खाते. वरच्याच उदाहरणात १ घन सेमी हवा पेडलचा पावणेदोन सेंटिमीटर प्रवास खाते, आणि त्यातला बहुतेक पहिल्या हलक्या दाबातच जातो. टाकीचं झाकण उघडून एक चाचणी करता येते. कुणाला तरी पेडल भराभर दाबून धरायला आणि मग एकदम सोडायला सांगा. तुम्ही डोळ्यांना चष्मा लावून, थोडं लांबून टाकीत बघा. ऑइल उसळून वर आलं तर आत दबलेली हवा ते परत ढकलतेय. ब्रेक ऑइल रंग खातं, तेव्हा बॉनेटवर, पंख्यावर फडकी पसरून ठेवा.

हवा न निघण्याची कारणं ठरलेली आहेत. पहिलं म्हणजे कोरडा मास्टर तसाच गाडीवर चढवणं. नवा मास्टर आधी व्हाइसमध्ये आडवा धरून, तोंडाला नळी लावून ती टाकीत बुडवून, बुडबुडे थांबेपर्यंत हळूहळू दाबून भरून घ्यावा लागतो. दुसरं, पेडल भराभर मारणं. त्याने मोठा बुडबुडा फुटून फेस होतो, आणि फेस लाइनमधून काढणं फार अवघड. दाब सावकाश, निप्पल उघडा, पेडल खाली गेलं की निप्पल आधी बंद, मगच पाय वर, तोही सावकाश. निप्पलला लावलेल्या नळीचं टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडालेलं हवं. मास्टर जुनाच ठेवला असेल तर पेडल तळापर्यंत नेऊ नका, पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा. रोजच्या वापरात बकेट बोअरच्या टोकापर्यंत जात नाही, तिथे गंज बसलेला असतो, आणि हवा काढताना बकेटची कड त्यावर घासून फाटते. धडधाकट मास्टर हवा काढून झाल्यावर निकामी झाला, असं त्यामुळेच होतं.

क्रम लांबून जवळ असा ठेवा. आपल्या गाड्यांत स्टिअरिंग आणि मास्टर उजवीकडे, म्हणून मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. निप्पल व्हील सिलेंडरच्या सगळ्यात वरच्या जागी आहे की नाही ते डोळ्यांनी बघा. पुढे डिस्क असलेल्या गाड्यांत डावा-उजवा कॅलिपर (डिस्क पकडणारा भाग) अदलाबदल होऊन निप्पल खाली राहिल्याचा प्रकार हमखास आढळतो, आणि तिथे जन्मभर हवा काढली तरी वरची हवा आतच राहते. मागच्या ॲक्सलवरून जाणारा पाइप उंचवट्याने वाकवला असेल तर त्या उंचवट्यात बुडबुडा अडकतो. मदतीला कुणी नसेल तर टाकी भरलेली ठेवून निप्पल नुसतं उघडं सोडा, ऑइल आपल्या वजनाने उतरतं. वेळ लागतो, पण फेस होत नाही. चेक व्हॉल्व्हच्या मास्टरमध्ये मात्र हे नेहमी चालत नाही, तिथे दाब देऊनच काढावी लागते.

आणखी दोष शोधायचा तर लाइनचे तुकडे पाडा. तिन्ही रबरी होजना (पुढच्या चाकांचे दोन, मागच्या ॲक्सलचा एक) गुळगुळीत जबड्याचे होज क्लॅम्प लावा. दातेरी लॉकिंग प्लायर लावू नका, आणि जुन्या, तडकलेल्या होजना तर काहीच लावू नका. तिन्ही बंद असताना पेडल कडक आणि उंच असेल तर मास्टर आणि लोखंडी पाइप ठीक. मग एकेक क्लॅम्प सोडत जा. ज्या चाकाचा सोडल्यावर पेडल खाली गेलं, तिथे बघा. तिन्ही बंद असूनही मऊ असेल तर मास्टरच्या तोंडाला त्याच आट्यांचा प्लग लावा. तरीही मऊ राहिलं तर मास्टर काढून दुकानदाराला परत द्या. तुमचे होज नवे आहेत तरी कुणाला तरी पेडल दाबायला सांगून ते हातात धरून बघा. फुगलेले बोटांना कळतात.

किट बसवणाऱ्याला एक प्रश्न जरूर विचारा: सिलेंडर कशाने धुतले? पेट्रोल, डिझेल, रॉकेल किंवा इंजिन ऑइल यांपैकी काहीही ब्रेकच्या रबराला लागलं तर ते फुगतं, मऊ पडतं आणि बोअरमध्ये नीट धरत नाही. गॅरेजात रॉकेलच्या ट्रेमध्ये सगळं धुण्याची पद्धत आहे, ती ब्रेकला चालत नाही. मेथिलेटेड स्पिरिट किंवा ताजं ब्रेक ऑइलच वापरायचं. टाकीत चुकून दुसरं तेल गेलं असेल तर फ्लश करून भागत नाही, बकेट, होज, टाकीच्या झाकणाचं रबर, सगळं बदलावं लागतं. बोअरमध्ये नखाला लागणारे खड्डे असतील तर नवी किटही टिकणार नाही. असा सिलेंडर बदला, किंवा मिळत नसेल तर स्लीव्ह, म्हणजे आत नवी नळी, मारून घ्या. कोल्हापूरच्या उद्यमनगरात असं काम करू शकणारे चांगले लेथवाले आहेत. लोखंडी पाइप गंजला म्हणून फ्रिजचा तांब्याचा पाइप वाकवून लावू नका. तो हादऱ्याने कडक होऊन तडकतो, आणि तुमच्या गाडीत सर्किट एकच असल्याने एक पाइप गेला की चारही चाकांचा ब्रेक जातो.

ऑइलबद्दल थोडं. तुमच्या गाडीला डॉट ३ किंवा डॉट ४ चालतं. ताजं डॉट ३ किमान २०५ अंश सेल्सिअसला उकळतं, पण ३.७ टक्के पाणी शोषल्यावर ही मर्यादा १४० वर येते. डॉट ४ मध्ये हेच आकडे २३० आणि १५५. हे ऑइल हवेतली ओल शोषतं, म्हणून अर्धा उघडा डबा पावसाळाभर ठेवून पुन्हा वापरू नका, कोकणात तर नाहीच. बाटलीत निघालेलं ऑइल टाकीत परत ओतू नका. सिलिकॉनचं डॉट ५ यात मिसळायचं नाही.

माझा सल्ला क्रमाने: आधी चारही चाकं ॲडजस्ट करा, मग खडूने लायनर तपासा, पुशरॉडची मोकळीक मोजा, चेक व्हॉल्व्ह बघा, आणि यातूनही पेडल लवचिक राहिलं तरच हवा काढायला बाटली-नळी हातात घ्या. पेडल पहिल्याच दाबात अर्ध्याहून वर अडेपर्यंत गाडी रस्त्यावर काढू नका. त्यानंतर मोकळ्या मैदानात, पहिल्या गिअरमध्ये, हँडब्रेकवर हात ठेवून दहा-बारा वेळा थांबवून बघा आणि लगेच चारही ड्रमना हात जवळ नेऊन उष्णता जोखा. एखादा फार गरम असेल तर तो शू जादा आवळलाय. एखादा अगदी थंड असेल तर त्या चाकाला ब्रेक लागतच नाहीये. लायनर बसत जातील तसा गॅप पुन्हा वाढेल, म्हणून साधारण ३०० किलोमीटरनंतर ॲडजस्टर परत आवळा. त्याच वेळी प्रत्येक व्हील सिलेंडरचा रबरी बूट उचलून आत ओल आहे का बघा. किंचित ओलावा चालेल, थेंब दिसला तर ते चाक पुन्हा खोला.